दुकान वाढवू

मला बघायला आलेल्या पहिल्या मुलाने पोहे संपेपर्यंत माझ्या दुकानाबद्दल चकार शब्द काढला नाही. चहा पिऊन झाल्यावर मात्र म्हणाला, "लग्नानंतर ते बंदच होईन ना." त्याला मी नाही म्हणाले. दुसऱ्याचे काका म्हणाले, "आमच्या घरच्या सुना दुकानात बसत नाई." मी विचारलं, चिखलात धानाच्या रोवण्याला जातात का? तर म्हणाले, जातात. मला हसू आलं. त्या हसण्यावर सोयरीक मोडली आणि आईने माझ्याशी अबोला धरला.

दुकान म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. सावली या तालुक्याच्या गावाच्या अलीकडे आमच्या गावाचा बसथांबा आहे, त्याच्या बाजूला एक टिनाची खोली, त्यात एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर पाटी, 'दिव्यानी ऑनलाइन'. दिव्यानी म्हणजे मीच. आधी एका झेरॉक्ससाठी सावलीला जावं लागायचं आणि अख्खा दिवस त्यात जायचा. आता लोक चपला घालायच्या आधी मला हाक मारतात. बाबा, म्हणजे सोमाजी, गावच्या तळ्यात मासोळ्या धरतात. आई, म्हणजे रुखमाबाई, त्या विकते, आणि दुपारी मी जेवायला गेले की दुकानात बसते. जाळं बाबांचं, टोपली आईची. माझं स्वतःचं म्हणावं असं हे एकच आहे, आणि ते बंद कर असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

तिसरा मुलगा यायच्या सुमारास माझा कॉम्प्युटरच बंद पडायला टेकला होता. जुनं मशीन, चार जीबी मेमरी. विंडोज त्याला झेपेना म्हणून त्यात लिनक्स टाकून घेतलं होतं आणि दोन वर्षं ते गुमान चाललं. मग एकाएकी असं काही सुस्तावलं की एक बटण दाबावं, घरी जावं, भात टाकावा, शिजवावा आणि परत यावं, तेव्हा कुठे पान उघडायचं. बंद करून चालू केलं तरी तेच. मध्येच वीज गेली तर गिऱ्हाइकाचं अर्धं भरलेलं काम जाऊ नये, म्हणून 'मागची पानं परत उघड' असं मी ब्राउझरला सांगून ठेवलं होतं. हे मी मोठं शहाणपणाचं केलं असं मला वाटत होतं.

तर तिसरा मुलगा, प्रफुल. भद्रावतीचा. एका कंपनीकडून तालुक्यातालुक्याच्या ऑफिसांतले कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचं त्याचं काम. आज मूलला, उद्या सिंदेवाहीला, परवा सावलीला. वडील नाहीत. आई अन्नपूर्णाबाई आणि तो, दोघंच भाड्याच्या घरात राहतात. रविवारी दोघं बस बदलत बदलत आली. मी ठरवून टाकलं होतं, हाही दुकान बंद कर म्हणाला तर याला चहासुद्धा मिळणार नाही.

पोहे मधे आले. बाबांनी या वेळी आधीच विचारून घेतलं. दोनदा तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो.

"मंग जावईबापू... म्हणजे प्रफुलभाऊ, पोरीच्या दुकानाचं लग्नानंतर काय?"

प्रफुलने ताटली खाली ठेवली, माझ्याकडे बघून छान हसला आणि म्हणाला, "दुकान वाढवू."

आमच्या घरात दुकानाला 'बंद' हा शब्द कुणी लावत नाही. आई लावूच देत नाही, अभद्र बोलू नये म्हणते. संध्याकाळी दुकान 'वाढवायचं'. हातातली बांगडी फुटत नाही, 'वाढते'. शेजारच्या गल्लीतल्या शेठजीचा धंदा बुडाला तेव्हाही आई म्हणाली होती, बिचाऱ्याने दुकान वाढवलं. आणि हा हसतमुख माणूस माझ्या बापासमोर बसून सांगत होता की दुकान वाढवू! बरं, सांगायची तऱ्हा तरी काय, जसं काही मला लुगडंच घेऊन देतोय.

बाबांनी मान खाली घातली. अन्नपूर्णाबाईंनी मुलाकडे असं पाहिलं की घरी गेल्यावर त्याचं काही खरं नव्हतं. आई उठली, प्रफुलच्या ताटलीवरची लिंबाची फोड उचलून आत गेली.

तेवढ्यात दारात कमळाकाकू उभ्या. "दिव्यानी, माया पोरीचं हॉल तिकीट निंगालं का वं? उद्या पेपर आहे तिचा."

"सकाळपासून अडकून आहे काकू. मशीनच चालून नाई राह्यली."

बाबांना सुटका हवी होती. ते म्हणाले, "मुला-मुलीनं थोडं बोलून घ्या. रीतच आहे तशी."

"दुकानातच बोलतो," मी म्हणाले आणि चपला घातल्या. मनात म्हटलं, चल गड्या, तुला जे वाढवायचं आहे ते निदान एकदा बघून तर घे.

दुकानात शिरल्या शिरल्या त्याने खुर्ची ओढून कीबोर्ड ताब्यात घेतला असता, तर मी त्याला तिथूनच थांब्यावर सोडून आले असते. पण तो उभाच राहिला, हात मागे बांधून.

"तुम्ही काय काय पाह्यलं?" त्याने विचारलं.

मी आज्ञा लिहायची काळी खिडकी उघडली. ती उघडायलाच इतका वेळ लागला की दोघांनाही भिंतीवरचं कॅलेंडर पाठ झालं असेल. मग 'फ्री' अशी आज्ञा दिली. मेमरी किती, किती वापरात, किती मोकळी, ते ती सांगते. "हे पाहा. मोकळी जागा नावालेच आहे."

"मोकळी नका पाहू. लिनक्स रिकामी जागा पडीत ठेवत नाई. फायली भरून ठेवते अन् कोणाले जागा लागली का सोडून देते. शेवटचा रकाना पाहा, देता येण्यासारखी किती आहे तो."

शेवटचा रकानाही कंगालच होता. आणि त्याखाली स्वॅपची ओळ काठोकाठ भरलेली. स्वॅप म्हणजे काय ते मला माहीत होतं. लग्नघरात जागा पुरेना म्हणून अर्धं सामान शेजारच्या पडवीत ठेवायचं, तसं. मेमरीत मावेना ते हार्ड डिस्कवर नेऊन ठेवायचं. फक्त मग एकेका पळीसाठी शेजारी धावत सुटायचं.

प्रफुलने मला अजून एक आज्ञा सांगितली. पडद्यावर आकड्यांच्या रांगा पडू लागल्या. दोन रकाने सारखे मोठेमोठे आकडे दाखवत होते. एक शेजारी नेलेल्या सामानाचा, एक परत आणलेल्या.

"पाहा, बिचारी नुसती ने-आणच करून राह्यली," तो म्हणाला. "भरलेला स्वॅप एकवेळ चालते. सामान तिकडं नुसतं पडून राह्यलं तर काई बिघडत नाई. पण हे असं धावणं वाईट. आधी स्वॅप वाढवा. तिले थोडा दम भेटन. मंग पाहू मेमरी कोण खाऊन राह्यलं ते."

स्वॅप वाढवा. हा माणूस दुकान वाढवतो, स्वॅप वाढवतो, ज्याला हात लावील ते वाढवतो! इतका भरलेला स्वॅप बंद करणं मला बरोबर वाटत नव्हतं. पण म्हटलं, तालुक्यातालुक्याची ऑफिसं सांभाळणारा माणूस आहे, करू दे याच्या मनासारखं. मी दात-ओठ खात 'स्वॅपऑफ' लिहिलं, पासवर्ड टाकला आणि एंटर दाबलं.

माऊसचा बाण जागीच थिजला. आकड्यांच्या रांगा थांबल्या. आतली डिस्क मात्र करकर करत सुटली.

"काय टाकलं तुम्ही?" प्रफुल पुढे झुकला.

"स्वॅपऑफ."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? तुम्हीच म्हणले न, वाढवा!"

"वाढवा म्हणलो! जास्त करा! दोन जीबीचे चार करा! तुम्ही तर बंदच केलं. आता ते सारं सामान एका दमात घरात कोंबून राह्यलं न ते!"

"वाढवणं म्हणजे बंद करणंच. रोज संध्याकाळी दुकान वाढवतात ते काय मोठं करतात का?"

तो भद्रावतीच्या फॅक्टरी कॉलनीत वाढलेला पोरगा. तिथे आसपास सगळ्या मुलखाचे लोक, शाळेत हिंदी, बाजारात हिंदी. तिथली दुकानं सरळ बंद होतात. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत गेला आणि मग घाम आला.

"मंग मघाशी मी तुमच्या बाबाले जे म्हणलो..."

"दुकान बंद करू. साऱ्यायनं तेच ऐकलं."

"म्हणून तुमच्या आईनं माया पोह्यावरचा लिंबू नेला!"

मला हसायचं नव्हतं. पण आलं. आधी नाकातून आलं, मग आवरेना. तोही हसत सुटला. आमच्या मागोमाग येऊन पायरीवर बसलेल्या कमळाकाकूंनी आत डोकावून बघितलं आणि समजल्यासारखी मान हलवून पुन्हा बाहेर बघू लागल्या. मशीन गोठलेलं होतं, करण्यासारखं काहीच नव्हतं, म्हणून आम्ही दोन स्टुलांवर बसलो. खरं सांगते, त्या क्षणी मला तो फार आवडला.

"मोठं करू म्हणजे कसं?" मी विचारलं.

"दोन नवीन मशीना. रंगीत प्रिंटर. मी तर गाळाबी पाहून ठेवला आहे. भद्रावतीले, बसस्टँडच्या समोर. लय गर्दी राह्यते तिथी."

माझा हसरा चेहरा तसाच राहिला असावा, कारण तो पुढे बोलतच होता. भद्रावतीला कॉलेज आहे, खाणीतली माणसं आहेत, रोज किती फॉर्म निघतात. मी ऐकत होते आणि माझ्या टिनाच्या भिंतींकडे बघत होते. वाईट काहीच नव्हतं त्यात. माणूस बंद कर म्हणत नव्हता. भांडायला जागाच ठेवली नव्हती त्याने, आणि तरी मला रडू येत होतं.

एवढ्यात बाण हलला. काळ्या खिडकीत एकच ओळ आली होती, 'किल्ड'.

"वाचलो," प्रफुल म्हणाला. "मेमरी पुरेना तेव्हा लिनक्सनं तुमचा हुकूमच मारून टाकला. आता 'टॉप' उघडा, अन् शिफ्ट दाबून एम."

जो जास्त मेमरी खातो तो वर, अशी यादी लागली. वरपासून खालपर्यंत ब्राउझरच ब्राउझर. संपेचना.

"किती खिडक्या उघड्या आहे तुमच्या?"

"एक. ही काय, समोर आहे ती."

"एका खिडकीचा एवढा पसारा?" त्याने मान तिरकी करून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे चार बारके चौकोन आहेत. दोन वर्षं मी ते शोभेचे समजत होते. "हे दुसऱ्या चौकोनात काय भरलं आहे?"

मी त्यावर टिचकी मारली. समोरचा पडदा सरकला आणि मागून दुसराच आला. माय वं! त्यावर खिडकीवर खिडकी रचलेली. दसरूभाऊचं सोयाबीनच्या विम्याचं पान. कुणाचा निकाल. कुणाचं आधार. कमळाकाकूंनी दिवाळीत पाहिलेल्या साड्या. हवामान. पुन्हा हवामान. तिसऱ्या चौकोनातही तेच, चौथ्यातही.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. मुलाला चहा द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं, तिने नाही. शिवाय मुला-मुलीला किती वेळ सोडायचं, हीही काळजी होतीच.

"आई, हे कोणं केलं?"

आईने पडद्याकडे बघितलं, अगदी ओळखीच्या माणसाकडे बघावं तसं. "मीनंच. माये दुपारचे गिऱ्हाईक आहे ते."

"अवं पण काम झालं का बंद करत जा ना! तो लाल फुलीवाला..."

"चालत्या दुकानात बंद करू?" आईने कपाळाला हात लावला. "तिथी बोट नेलं का 'बंद करा' असं लिहून येते, मी वाचतो न. गिऱ्हाईक समोर बसून राह्यलं अन् मी बंद करू? लक्ष्मी हाय ते. म्हणून मी त्यायले आतल्या खोलीत नेऊन बसवतो. त्या चौकोनातून उचलाचं, या चौकोनात ठेवाचं. आपल्याच मनानं शिकली."

"अन् दर गिऱ्हाइकाले नवीन खिडकी?"

"मंग? एकाच्या उष्ट्या ताटात दुसऱ्याले वाढू का?"

प्रफुलने हसू लपवायला कप तोंडाला लावला. मी रात्रीची मशीन बंद करायचे आणि सकाळी चालू केलं की, मीच दिलेल्या हुकमाप्रमाणे, आईची सगळी पाहुणेमंडळी आपापल्या खोलीत पुन्हा येऊन बसायची. जेवणखाण माझ्या चार जीबीतलं. समोर एकही दिसत नव्हता.

प्रफुल अगदी अदबीने म्हणाला, "आई, आतल्या खोलीत बसवलेला माणूसबी जेवतेच न. तो उठून गेला नाई, नुसता दिसत नाई."

"मंग काय करू?"

"बंद नका करू. वाढवा."

आईचा चेहरा खुलला. हे तिला लगेच पटलं. मी एकेका खिडकीच्या फुलीवर बाण नेत होते, आणि आई प्रत्येकाचं नाव घेऊन "वाढवा" म्हणत होती, बांगडीवाल्या कासाराजवळ बसल्यासारखी. साड्यांचं पान आलं तेव्हा बाहेरून कमळाकाकू म्हणाल्या, "ते राहू द्या." तेही वाढवलं. 'फ्री' पुन्हा विचारलं तर शेवटच्या रकान्यात भरपूर जागा. स्वॅप अर्ध्याच्याही खाली आला होता. ने-आण थांबली होती. प्रिंटरने घसा खाकरला आणि हॉल तिकीट बाहेर आलं.

काकू कागद पदराखाली घेऊन गेल्या. आई कपबश्या घेऊन गेली. प्रफुल खूश होता. "पाहा, मशीन मस्त आहे तुमची. भद्रावतीले नेली तरी..."

तिथे माझा बांध फुटला.

"तुम्हीबी तेच करून राह्यले," मी म्हणाले. "बंद कर म्हणत नाई, कारण ते वाईट दिसते. उचलाचं अन् दुसऱ्या चौकोनात नेऊन ठेवाचं. हे दुकान इथी आहे म्हणून दुकान आहे. आता कागद घेऊन गेली ती कमळाकाकू तुमच्या बसस्टँडसमोर येईन का? भद्रावतीले माया हाताखाली दोन मशीना असन, पण ते तुमचं दुकान राहीन, मी त्यात बसन. हे मायं आहे. मले हे सोडाचं नाई."

बोलून झालं आणि मला वाटलं, झालं, तिसराही गेला. या वेळी मात्र मला वाईट वाटत होतं. त्याने शटरला हात दिला, मी कुलूप लावलं, आणि आम्ही एकमेकांकडे न बघता घरी आलो.

घरी बाबांनी पाहुण्यांना जेवायला थांबवलं होतं. तळ्यातली ताजी मासोळी आणि भात. लिंबू वाढायला आई विसरली नाही, प्रफुलला दोन फोडी. जेवण झाल्यावर बाबांनी विचारलं, "मंग, काय ठरलं?"

"दुकान बंद होणार नाई, अन् हलणारबी नाई," मी सगळ्यांसमोर म्हणाले. 'बंद' ऐकून आईने कानावर हात ठेवले. "एवढं ज्याले चालन त्यानं हो म्हणावं."

अन्नपूर्णाबाईंनी पदराने ओठ टिपले. "कळवतो, भाऊ," त्या बाबांना म्हणाल्या.

'कळवतो' म्हणजे काय ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. कळवतो म्हणणारे लोक कधीच काही कळवत नाहीत. बाबांनी हात जोडले. आई आत निघून गेली. मला वाटलं होतं मला राग येईल. राग नाही आला, मी नुसती ताटं उचलत राहिले.

तरी रीत म्हणून थांब्यापर्यंत पोचवायला गेलो. मायलेक बाजूला जाऊन बराच वेळ कुजबुजत होती. एकदा प्रफुलने माझ्या पाटीकडे हात केला. एकदा अन्नपूर्णाबाईंनी त्याच्या पाठीत धपका घातला, तो रागाचा की लाडाचा ते लांबून कळेना. मग त्या बाबांजवळ आल्या.

"भाऊ, अशी मासोळी तळ्यात रोज निंगते का?"

"पाणी आहे तोवर रोज, बाई."

"भद्रावतीले बर्फातली भेटते," त्या म्हणाल्या आणि समोर थांबलेल्या बसमध्ये चढून खिडकीजवळ जाऊन बसल्या.

प्रफुलने एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून मला म्हणाला, "येतो."

जाणारा प्रत्येक माणूस असंच म्हणतो. जातो म्हणू नये, म्हणून येतो म्हणायचं. पण दिवसभर शब्दांनी मला इतकं नाचवलं होतं की आता मी कुणालाही सोडणार नव्हते. कंडक्टरने घंटी मारली, तरी मी दाराचा दांडा धरून ठेवला.

"थांबा. हे येतो म्हणजे जातो, का खरंच येतो?"

कंडक्टर खेकसला. बस हलली. प्रफुल दारातच लटकून ओरडला, "सामान घेऊन येतो! आईचंबी!"